जावा आणि तिची बशी

बेळगावच्या शहापुरात आमच्या घरी डास बारा महिने राहतात. पावसाळ्यात फक्त त्यांचे पाव्हणे येतात. कॉइल लावली की आई खोकते, मच्छरदाणी बांधली की बाबा रात्री उठताना तिच्यासकट उठतात. शेवटी ऑफिसातल्या एकानं सांगितलं, "सिट्रोनेला लाव की, ते लिंबाच्या वासाचं गवत. झाड दारात उभं केलास की झालं."

नर्सरीवाल्यानं कुंडी पुढं सरकवली आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "सोळ्ळे बरंगिल्ला री!" मी हिशेब करत गप्प उभा राहिलो. मला कन्नड कळलं नाही असं वाटून त्यानं तेच पुन्हा मराठीत सांगितलं, "डास येतच नाहीत बघा." दोन-दोन भाषांत गॅरंटी मिळाल्यावर माणूस घासाघीस काय करणार?

घरी येऊन मोबाइलवर वाचलं, की याच्या मुख्य जाती दोन, सिलोन आणि जावा. आपली जावा, मी जाहीर केलं. बाबांनी पेपरातून डोकं काढलं. "म्हैसूरची फटफटी? लई धूर मारायची."

आमच्या जावाला ऊन हवं होतं आणि मुळाशी साचलेलं पाणी नको होतं. जुलैतल्या बेळगावात या दोन्ही अटी म्हणजे थट्टाच. उघड्यावर ठेवली तर मुळं कुजणार, म्हणून कुंडी पडवीच्या कडेला घेतली. लाल मातीचा ओघळ फरशीवर उतरायला लागला तशी आईनं कुंडीखाली प्लास्टिकची मोठी बशी सरकवली. ही बशी लक्षात ठेवा.

गवत ते गवतच. दसऱ्यापर्यंत कुंडीसकट माझ्या छातीला लागलं. पाती वर जाऊन कमरेत वाकायची आणि थेट दाराच्या वाटेवर यायची. कडा अशा धारदार, की पेपर उचलायला वाकलो की हातावर बारीक लाल रेघ. ऑफिसात विचारायला लागले, "मांजर पाळलाईस काय?"

त्यात शेजारच्या अक्का. "चार पाती नेतो हां, पाव्हणे आल्यात." (आमच्याकडे बायकाही नेतो, येतोच म्हणतात, पुण्याची वहिनी अजून दचकते.) मी म्हटलं, "अक्का, हा गवती चहा नव्हे. बुडाशी बघा, दांडा लालसर आहे. गवती चहाचा पांढरट-हिरवा असतो." अक्कांनी बुडाशी बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. चार पात्यांसाठी हा माणूस वनस्पतिशास्त्र काढतोय, असा तो चेहरा होता. पाती गेली. तासाभरानं भिंतीपलीकडून पाव्हण्यांचा आवाज आला, "कप नीट विसळला नाही काय गं? साबण लागालाय."

पाव्हण्यांना जे कळलं ते डासांना काही कळेना. ते जावाच्या पात्यावर बसून, झोका घेऊन, मग आमच्याकडं यायचे. खोलात गेल्यावर समजलं, की तेल पात्याच्या आत असतं. झाड नुसतं दारात उभं राहून काही करत नाही. आमच्या थोरल्या काकांसारखं. पातं चुरगाळायला लागतं, तेव्हा कुठं वास बाहेर पडतो. मग रोज दिवेलागणीला मी पडवीत बसून पाती चुरगाळून पायाला चोळायला लागलो. पण ते तेल भारी उडतं. अर्ध्या-पाऊण तासात वास खलास, डास परत हजर, मी परत जावाकडं. पोटऱ्या हिरव्या झाल्या, हाताला साबणाचा वास. जेवताना आमटीला लिंबू न पिळताच लिंबू लागायला लागलं.

कुंडीत जागा पुरेना म्हणून अर्धा गड्डा उपटून फोडला. बी नव्हे, कोंब वेगळे करून लावले की झालं. चौदा कोंब निघाले. सात नातेवाइकांना घातले, सात आमच्याच पडवीत. म्हणजे आणखी सात कुंड्या. आई लगेच आणखी सात बशा घेऊन आली.

खानापूरच्या मामानं आपला कोंब गोठ्याशी लावला होता. त्याचा फोन आला, "म्हशीनं तोंड लावून बघितलं रे. सोडून दिलं."

पुढच्या आठवड्यात आशाताई डासांच्या अळ्या तपासायला आल्या. टाकीचं झाकण बघितलं, फ्रिजच्या मागं बॅटरी मारली, सगळं स्वच्छ. मी मोठ्या ऐटीत त्यांना पडवीत नेलं. "आम्ही बघा, डासांसाठी झाडंच लावलीत."

ताई खाली बसल्या. बॅटरी पात्यांवर न मारता थेट बशीत मारली. पाण्यात स्वल्पविराम वळवळत होते, शेकड्यांनी. वर येऊन श्वास घ्यायचे, हाताची सावली पडली की झटक्यात तळाला. "अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडायला लागतंय हे," ताई शांतपणे म्हणाल्या आणि एकेक करून आठही बशा अंगणात उपड्या केल्या. दारामागं खडूनं तारीख लिहिली. आई आतल्या आत सरकली; बशा तिच्या होत्या.

चप्पल घालताना ताई थबकल्या. एक पातं बोटांत मोडून त्यांनी वास घेतला.

"सर, एक कोंब देता काय? आमच्यात बी डास लई झाल्यात."