आधी मेंढरं दाखवा, मग वचन

"लहान वयात फक्त वचनं पाठ करून घ्या, अर्थ पुढे आपोआप कळतो" हे मुलांना बायबल शिकवण्यावरच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. आम्ही मुलीला घरीच शिकवतो. सात वर्षांची असताना ती बायबलमधलं स्तोत्र 23, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही', घडाघडा म्हणायची. एकदा सकाळी वजाबाकी झाल्यावर तिने विचारलं, "आई, उणे म्हणजे वजा ना? मग देव माझं काय वजा करणार नाही?" तोवर तिने काय समजून म्हटलं असेल, या विचाराने मला वाईट वाटलं.

दिवाळीनंतर गावाबाहेर धनगरांचा वाडा उतरला होता, तिथे तिला नेलं. आदल्या रात्री जन्मलेलं कोकरू एका आजोबांनी खांद्यावर घेतलं होतं. काठी कशाला, तर लांडगा आला तर हाकलायला, असं त्यांनी सांगितलं. घरी आल्यावर तिने त्याच स्तोत्रातलं चौथं वचन, 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात', स्वतःहून उघडलं आणि 'काठी' या शब्दावर बोट ठेवलं. पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, ते साध्या बायाबापड्यांना समजावं म्हणूनच ना? पाठांतर आम्हीही घेतो, पण शब्द कळल्यावर.