डिस्कला डिझेल मारणाऱ्यास कोपरापासून नमस्कार

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरवर गर्दी असते, मान्य. ट्रॅक्टर, छोटा हत्ती, बुलेट, सगळ्यांची आंघोळ एकाच पाइपानं, तेही मान्य. पण सायकल धुऊन झाल्यावर वर डिझेल-ऑइलचा फवारा? तोही थेट ब्रेकच्या डिस्कवर? पुढच्या आणि मागच्या, दोन्ही? आणि तोंड वर करून, "कशी चमकालीय बघा की सर!" चमकणारच रे बाबा. तेल लावलेला पैलवानही चमकतो. धरून दाखव त्याला.

रोटर, म्हणजे हीच चाकाबरोबर फिरणारी डिस्क, चमकवायचा नसतो हो, तो ब्रेकच्या पॅडनं धरायचा असतो. पॅड सच्छिद्र. रवा तूप पितो तसं तेल पितो, आणि प्यायलेलं ओकत नाही. मग राजहंसगडाच्या उतारावर लिव्हर दाबा, लागतो दगडासारखा घट्ट, म्हणजे ब्रेकच्या नळीतलं ऑइल बरोबर, त्यात हवा नाही, सगळं ठणठणीत. फक्त सायकल थांबत नाही. किंकाळी मारत येळ्ळुरात शिरते.

आणि हे कुठं घडतंय? जिथं उद्यमबागेतली पोरं क्रँकशाफ्ट मायक्रॉनमध्ये मोजतात, हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह बनवतात, त्या बेळगावात! रोटर नवा असताना 1.8 मिलिमीटर असतो, शिमानो कंपनीचा 1.5 वर आला की भंगार. तीन दशांशाचा सगळा खेळ, आणि त्याच्यावर हा बाबा ट्रॅक्टरचं डिझेल मारतोय.

आता निस्तरा. पॅड ऑरगॅनिक (रेझिननं बांधलेले) असतील तर चारही कचऱ्यात. गॅसवर भाजू नका. व्हिडिओवाले भाजतात, बघायला झकास वाटतं, पण आतलं रेझिन जळतं आणि पॅड भुसभुशीत होतो. सिंटर्ड (धातूची पूड दाबून भाजलेला) असेल आणि नुसता शिंतोडा उडाला असेल तर काचेवर 120 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून हलक्या हातानं घासा, पुसा, एकदा नशीब आजमावा. नाही चावला तर तोही फेका. रोटर मात्र वाचतो. 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) घ्या, ते फडक्यावर, आणि मग दोन्ही बाजू, भोकांच्या कडा, आतल्या दांड्या. घडी काळी झाली की बदला. त्याच काळ्या घडीनं पुसत बसणं म्हणजे तेल सगळीकडं सारखं वाटून देणं. पांढरी घडी पांढरीच निघेपर्यंत थांबायचं नाही. आणि फडकं म्हणून कंडिशनरमध्ये बुचकळलेला सुवासिक बनियन नको, त्याचाही थर बसतो.

पॅडला मागून ढकलणाऱ्या पिस्टनचं वेगळंच. जांबोटी-कणकुंबीकडं एकदा पावसात जाऊन आलं की तो तांबडा चिखल कॅलिपरच्या, म्हणजे पॅड-पिस्टन धरणाऱ्या चिमट्याच्या, पोटात जाऊन बसतो. मऊ दिसतो, पण पॅडला पॉलिश पेपरसारखा खातो. घरी आल्या आल्या, वाळायच्या आत, साध्या पाण्याची धार सोडली तर निघतो. नाही सोडत कोणी. पॅड नवे घालताना मात्र सगळे पिस्टन मागं दाबायला धावतात, आणि चिखल गेला सीलवर! आधी लिव्हर अगदी हलके दाबून पिस्टन 2-3 मिलिमीटर बाहेर आणा (जास्त नको, पटकन निसटतो), आयपीएत बुडवलेल्या इअरबडनं कड पुसा, मग प्लास्टिकच्या टायर लिव्हरनं मागं ढकला. स्क्रूड्रायव्हर घातलात तर सिरॅमिकचा टवका उडालाच समजा.

बाहेरून बघणाऱ्याला हे येडेपणच दिसत असणार. दुधाचे दोन कॅन अडकवलेली रॉड ब्रेकची सायकल चप्पल घासून जागच्या जागी उभी राहते, आणि आम्ही हातमोजे चढवून, मांडी घालून लोखंडाचे कान कोरत बसलोय. तेही पहिल्याच दवात परत किंचाळणाऱ्या ब्रेकचे.

पण म्हणून बाकीच्यांना माफी नाही. हँड सॅनिटायझरनं रोटर पुसणारे! अहो, हात मऊ राहावेत म्हणून त्यात ग्लिसरीन असतं. रोटरला मऊ हात कशाला? कुंदा खाल्लेला तुपकट हात घेऊन "ही डिस्क काय वो?" म्हणत बोट फिरवणारे. (घाट उतरून आल्याबरोबर फिरवतात त्यांना डिस्कच धडा देते.) आणि सगळ्यांचे बाप म्हणजे "ब्रेक ऑइल ते ब्रेक ऑइलच की" म्हणत शिमानोत मोटारीचं डॉट ब्रेक फ्लुइड ओतणारे. शिमानोला मिनरल ऑइल लागतं. डॉट घातलं की सील फुगतात, लिव्हर परत येत नाही. झाकणावर लिहिलेलं असतं, वाचायला काय पैसे पडतात?

नवे पॅड बसवून लगेच चोर्ल्याला पळू नका. आधी पॅड रोटरवर बसू द्या: ताशी 20 किलोमीटरच्या वेगावरून चालीच्या वेगापर्यंत 20 वेळा ब्रेक मारा, मग 30 वरून 10 वेळा, चाक अडकू न देता, पूर्ण न थांबता. टिळकवाडीत हे करायला गेलं की प्रत्येक कट्ट्यावरून आवाज येतो, "काय वो, ब्रेक नाय?"

आणि धुवायला द्यायचीच असेल तर चाकं आणि पॅड काढून घरी ठेवा, नुसता सांगाडा न्या. कॅलिपरमध्ये प्लास्टिकचा तुकडा अडकवायला विसरू नका, कारण चाक नसलेल्या सायकलचा ब्रेक दाबून बघितल्याशिवाय तो वॉशिंगवाला राहणार नाही. मग विचारेल, "चाकं कुठायत सर? आणा की, त्यांनाबी मारतो."