बोलाचा प्लॅन, पाहाचा प्लॅन

"काका, आजीचा प्लॅन बोलाचा आहे. पाहाचा नाही."

चौकातल्या रिचार्जवाल्या पोट्ट्यानं हे इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की शेजारी चार्जर घ्यायला आलेल्या बाईंना वाटलं, आमच्याकडे कुणाचं तरी जमवणं सुरू आहे. त्या मला धीर देत म्हणाल्या, "आजकाल असंच असते भाऊ. आधी बोलून घेतात, मग पाहतात."

मी काही बोललो नाही. बोलण्याच्या अवस्थेत नव्हतो. ऑगस्टचं नागपूर, म्हणजे कूलर लावला तर अंग चिकट, न लावला तर अंगाची भाजी. शर्ट पाठीला चिकटलेला, हातात दोन फोन आणि काखेत एक लाकडी नंदी, झूल आणि बाशिंगासकट.

नंदी काखेत कसा आला ते पुढे सांगतो. आधी प्लॅनचं.

तर 2024 च्या डिसेंबरात ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपन्यांना सांगितलं की ज्याला इंटरनेट नको त्याला नुसता बोलण्याचा आणि एसेमेसचा प्लॅनही द्या, आणि असं व्हाउचर 365 दिवसांपर्यंतचं असू द्या. ही बातमी वाचून मला जो आनंद झाला, तो माझ्या लग्नातही झाला नव्हता. एक तर 28 दिवसांच्या 'महिन्या'पासून सुटका. 28 दिवसांचा महिना धरला की वर्षात तेरा महिने होतात, आणि पगार मात्र बाराच वेळा येतो, हे गणित मी घरात इतक्यांदा मांडलं आहे की आता मी "28" म्हटलं की बायको उठून आत जाते. दुसरं म्हणजे, आईला डेटा कशाला? ती घरी असते. घरी वायफाय आहे. वायफायवर व्हिडिओ कॉल फुकट. मग एक जुलैला मी तिच्या फोनवर वर्षभराचा बोलण्याचा प्लॅन मारला आणि वाचलेल्या पैशांची संत्रा बर्फी आणली. बर्फी खाताना आईनं विचारलं, "यात माझं काही बंद तर नाही ना झालं?" मी म्हटलं, "काहीच नाही."

आता हे बोलणारा मी कोण? 2014 च्या डिसेंबरात एका मोठ्या कंपनीनं इंटरनेटवरून केलेल्या कॉलला वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं, बोंबाबोंब झाली आणि काही दिवसांत ते मागेही घेतलं. पुढे 2015 च्या एप्रिलमध्ये ट्रायकडे दहा लाखांवर इमेल गेले की बाबांनो, इंटरनेट म्हणजे इंटरनेट, त्यात हे पाहायला एक भाव आणि ते पाहायला दुसरा भाव चालणार नाही. त्या दहा लाखांत एक इमेल माझा होता. ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून धाडलेला. 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायनं मजकूर पाहून डेटाचे दर वेगवेगळे लावायला बंदी घातली, तेव्हा मी तर्री पोह्याच्या ठेल्यावर चार जणांचे पैसे दिले होते. एरवी मी ठेल्यावर खिसे चाचपण्यातच पटाईत.

अमेरिकेतल्या दादाला तेव्हा मी फोनवर ऐकवलंही होतं, की पाहा, तुमच्याकडे जे झालं ते आम्ही होऊ दिलं नाही. तिकडची गोष्ट अशी. फेसटाइम, म्हणजे आयफोनवरचा व्हिडिओ कॉल, 2010 मध्ये आलं ते फक्त वायफायवर चालायचं. 2012 च्या सप्टेंबरात आयफोनची नवी सिस्टिम, आयओएस 6, आली आणि ते मोबाइल नेटवर्कवरही चालण्याची सोय झाली. पण एटी अँड टी या तिकडच्या मोबाइल कंपनीनं फर्मान काढलं की ही सोय फक्त 'मोबाइल शेअर' नावाचा प्लॅन घेणाऱ्यांनाच. जुन्या अनलिमिटेड डेटावाल्यांनी काय करायचं? वायफाय शोधायचं. म्हणजे अनलिमिटेडला लिमिट. लोक भडकले, ग्राहक संघटना उठल्या, नोव्हेंबरात कंपनी थोडी नरमली आणि बाकीच्यांची सुटका 2013 मध्ये झाली. दादा तेव्हा डॅलसला नवा होता आणि या कंपनीचं मुख्यालयही डॅलसलाच, त्यामुळे तो ही कथा गावच्या पाटलाची भानगड सांगावी तशी सांगतो. आम्हाला मात्र त्याची झळ लागली नाही. आयफोन त्याच्याकडेही नव्हता. आमचं सगळं कैलासवासी स्काइपवर चालायचं.

तर जे आम्ही कंपन्यांना करू दिलं नाही, ते मी सख्ख्या आईला केलं. एका बर्फीच्या डब्यापायी.

उघडकीला आलं 23 ऑगस्टला. शनिवार, तान्हा पोळा. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, मोठा पोळा बैलांचा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा. लाकडी नंदी सजवून पोट्टे मैदानात रांगेत उभे राहतात, बक्षिसं होतात, मग घरोघरी फिरून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. आमच्याकडचा नंदी आजोबांच्या वेळचा, सागवानी. डावं शिंग एकदा तुटलं होतं, ते फेव्हिकॉलनं चिकटवलेलं आहे, त्यामुळे तो कायम काहीतरी ऐकू न आल्यासारखा मान वाकडी करून उभा असतो. मागचं एक चाक कुरकुरतं. दादाच्या मुलानं, म्हणजे डॅलसच्या पुतण्यानं, दोन वर्षांपूर्वी इथे येऊन हा नंदी ओढला होता आणि यंदा त्याला तो मैदानात पाहायचा होता. आईनं आठ दिवस आधीपासून झूल शिवली. शिंगांना बेगड लावली. वेळ ठरली आपली संध्याकाळची साडेपाच, त्यांची सकाळची सात. नंदी ओढायला शेजारच्या अप्पांचा नातू.

मैदान मारुतीच्या देवळामागे. आमचं वायफाय फाटकाजवळच्या पारिजातकापर्यंत येतं आणि तिथून देवाला नमस्कार करून परत फिरतं.

आईनं मैदानात उभं राहून कॉल लावला. फिरकी फिरली, फिरली आणि थांबली. "काहून रे, लागून नाही राहिला?" मी म्हटलं, थांब, माझ्या फोनवरून लावतो. इथे दुसरी कबुली द्यावी लागेल. त्याच दिवशी सकाळी मी इतवारीत मारबत, म्हणजे रोगराई-पीडा घालवायला मिरवणुकीत काढतात ते मोठे पुतळे, पाहायला गेलो होतो. काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्यामागून निघालेले बडग्ये, ज्यांच्यावर गावानं वर्षभराचा राग पाट्या लावून काढलेला असतो. "रोगराई घेऊन जा गे मारबत" असं मीही गर्दीत घसा फाटेस्तोवर ओरडलो, आणि ते ओरडणं चार ग्रुपवर व्हिडिओतून टाकलं. माझा दिवसाचा दीड जीबी दुपारी एकलाच मारबतीनं नेला होता.

कोटा संपला की कंपनी इंटरनेट बंद करत नाही. ती दयाळू असते. 64 केबीपीएसवर ठेवते. म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट, म्हणजे एक एमबी यायला दोन मिनिटांच्या वर. या वेगानं दादा आला तो तोंडात ब्रश घेऊन आला आणि तसाच थिजला. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर फेस. आई घाबरली. "अरे, याला झालं काय?" मी म्हटलं, काही नाही, दात घासून राहिला. "पाच मिनिटं?"

बायकोचा फोन बायकोबरोबर अमरावतीला, माहेरी. अप्पा हॉटस्पॉट द्यायला आनंदानं तयार झाले, पण पासवर्ड नातवानं ठेवलेला, आणि नातू रांगेत. त्यानं तिथूनच ओरडून पासवर्ड सांगितला, तर अर्ध्या मैदानानं फोन काढले.

डेटाचं छोटं पॅक मारावं म्हणून कंपनीचं ॲप उघडलं. ॲप म्हणालं, तुमचं इंटरनेट तपासा. म्हणजे विहिरीत उतरायचा दोर विहिरीच्या तळाशी. "मी चौकातून मारून येतो," म्हणून मी निघालो, तेव्हा आई एका हातानं फोन आणि दुसऱ्या हातानं नंदी सांभाळत होती. "हा धर," म्हणून तिनं दोन्ही हात माझ्याकडे केले. घाईत 'हा' म्हणजे कोणता ते मी विचारलं नाही, दोन्ही घेतलं आणि धावलो.

असा मी त्या दुकानात उभा. पोट्ट्यानं आईचा फोन पाहून वर लिहिलेला निकाल दिला. मग माझ्या फोनमध्ये एक दिवसाचं डेटा पॅक मारलं, आणि नंदीकडे पाहत म्हणाला, "काका, याला पण काही मारू काय?"

आमच्या घरात फोन नेहमी भाव पाहूनच झाला, हेही खरं. वडील रात्री अकराची वाट पाहत एसटीडी बूथवर रांगेत उभे राहायचे, कारण अकरानंतर दर पाव व्हायचा. मोबाइल आला तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे, तर आम्ही मिस्ड कॉलची अख्खी बाराखडी बनवली होती. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे जेवलो, तीन म्हणजे घ्यायला या. पण त्या काळात निदान काखेत नंदी नसायचा.

दुकानातच आईचा फोन वाजला. दादा. कंटाळून त्यानं तिकडून साधा फोन लावला होता. येणारा कॉल बोलण्याच्या प्लॅनमध्ये बसतो. मी तो कानाला न लावताच पळत मैदानात आलो आणि आईच्या हातात दिला. तोवर नंबर काढून झाले होते. पहिला नंबर थर्माकोलचं चांद्रयान पाठीवर घेतलेल्या नंदीला. अप्पांचा नातू रिकामी दोरी हातात धरून रडत होता.

आईनं फोन कानाला लावला. माझ्याकडे पाहिलं, काखेतल्या नंदीकडे पाहिलं आणि पुतण्याला सांगू लागली. "हो रे बाळा, सगळ्यात पुढे आपलाच. लाल झूल, पिवळी किनार. मान तशीच वाकडी. आता चालून राहिला, पाहा, चाक कुरकुरते, ऐकू येते काय?"

मी नंदी खाली ठेवून चाक कुरकुरवलं.

"येते म्हणते," आई म्हणाली. मग फोनवर हात ठेवून तिनं मला विचारलं, "हा प्लॅन अजून किती दिवस आहे?"

"तीनशे बारा."

तिनं हात काढला. "हं, आणि नंदीच्या मागून तुझा काका येऊन राहिला. दोघांत बैल कोणता, ते तू व्हिडिओ लागला की ओळखजो."