नीतिशास्त्राची झोनबंदी उठवा

सांगली-साताऱ्याकडच्या प्राध्यापकांशी पीएच.डी.च्या कोर्सवर्कबद्दल बोलणं निघालं की एक वाक्य हमखास येतं : "नीती काय शिकवून येते का? ती घरातून यावी लागते." या वाक्याशी विषय मिटतो आणि चहा मागवला जातो. मला त्याचा राग येतो. असं म्हणणाऱ्यांत मी मानतो अशी माणसं आहेत, म्हणून जास्तच येतो.

या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. माणूस सज्जन होणं ही एक गोष्ट. दोन्ही बाजूंना न्याय आहे असं वाटत असताना कुठली बाजू का उचलायची, हे कारणांनिशी मांडता येणं ही दुसरी. पहिली घरातून येत असेल. दुसरी सुतारकामासारखी हाताखाली बसूनच येते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेची, म्हणजे शास्त्रं शिकवणाऱ्या जुन्या पाठशाळेची, परंपरा ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याला हे बाहेरच्याने सांगावं लागू नये. मीमांसा म्हणजे परस्परविरोधी विधानांचा निकाल कसा लावायचा याचं शिक्षणच होतं, आणि ते वर्षानुवर्षं घ्यावं लागे. "घरातून येईल" असं म्हणून कुणी ते सोडून दिलं नव्हतं.

आता जे शिकवलं जातं ते पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०१९मध्ये पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना 'संशोधन आणि प्रकाशन नीती' हा २ क्रेडिटचा पेपर सक्तीचा केला. एकूण ३० तास. त्यात तत्त्वज्ञान आणि नीती यांना मिळून ३ तास, आणि डेटाबेस, सायटेशन, इम्पॅक्ट फॅक्टर अशा मोजमापांना ७ तास. शिवाय वाङ्मयचौर्याचे २०१८चे नियम आहेतच : १० टक्क्यांपर्यंत साम्य माफ, ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध दुरुस्त करून द्यायचा, ६० टक्क्यांपर्यंत वर्षभर बंदी, त्याच्या वर नोंदणी रद्द. विद्यार्थ्याच्या मनात नीती म्हणजे सॉफ्टवेअरने काढलेला टक्का, एवढंच राहतं. मग शब्द फिरवून टक्का खाली आणायचा उद्योग सुरू होतो. हे पाहूनच कुणी "नीती शिकवून येत नाही" म्हणत असेल, तर त्याने शिकवणं पाहिलेलंच नाही.

मी नेदरलँड्समध्ये असतो. इथे नीतिशास्त्राची स्वतंत्र संशोधन-शाळा होती. आता देशभरातल्या तत्त्वज्ञान विभागांची मिळून एकच शाळा आहे आणि नीतिशास्त्र हा तिचा एक भाग. शाळा हा शब्द फसवा आहे. ही शाळा पदवी देत नाही. विद्यार्थी आपापल्या विद्यापीठातच नोंदलेला राहतो, मार्गदर्शक तिथलाच, पदवीही तिथलीच. शाळेकडे असतं ते एक छोटं कार्यालय, सभासद विद्यापीठांची वर्गणी आणि वर्षाचं वेळापत्रक. आपल्याकडे हे समजायला सगळ्यात सोपं जावं. एकट्या शेतकऱ्याला साखर कारखाना उभा करता येत नाही, म्हणून शेअर गोळा करून सगळ्यांचा ऊस एका गव्हाणीत घालायचा, हे सांगलीच्या पोराला शिकवावं लागत नाही. जैवनीती जाणणारा एका गावात, पर्यावरणनीतीवाली दुसऱ्या, कांट वाचलेला तिसऱ्या. एकाच विभागात हे सगळे कधीच नसतात, इथेही नसतात.

ती चालते कशी, हे नेमकं सांगतो, कारण आपल्याकडे चर्चा इमारतीपासून सुरू होते. आठवड्याचा एक कोर्स धरा, माणसं १५. त्याहून जास्त घेतली की निम्मी गप्प बसतात. प्रत्येकाने आपल्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचा चार-पाच हजार शब्दांचा मसुदा दोन आठवडे आधी सगळ्यांना पाठवायचा. सकाळी ३ तास ठरलेलं वाचन. दुपारी तीन मसुदे, प्रत्येकी पाऊण ते एक तास. मसुदा लेखकाने मांडायचा नाही. दुसऱ्या विद्यार्थ्याने दहा मिनिटांत त्यातला युक्तिवाद उभा करायचा, त्याची सगळ्यात मजबूत बाजू आधी सांगायची, मग तो कुठे तुटतो ते दाखवायचं. लेखकाने तोवर गप्प ऐकायचं. सगळं शिक्षण या दहा मिनिटांत आहे. आपण लिहिलं एक आणि समोरच्याने वाचलं भलतंच, हे कळतं आणि प्रकरण पुन्हा लिहावं लागतं. इथे १ क्रेडिट म्हणजे २८ तासांचे श्रम, त्यात वाचन आणि पुनर्लेखन दोन्ही धरलेलं असतं. ५ क्रेडिटच्या कोर्सचे १४० तास होतात आणि त्यातले वर्गातले जेमतेम ३०. आपल्या पेपरचं क्रेडिट १५ तास बाकावर बसण्याचं.

बिघडतं तेही ठरावीक ठिकाणी. मसुदे उशिरा आले की कुणी वाचून येत नाही आणि दुपारची भाषणं होतात. ज्येष्ठ प्राध्यापक आधी बोलले की विद्यार्थी माना डोलावतात, म्हणून त्यांना शेवटीच बोलू द्यायचं. यजमान विद्यापीठ आपल्याच आवडीचे विषय लावतं, म्हणून यजमानपद फिरतं ठेवायचं. आणि घरच्या विद्यापीठाने ते क्रेडिट धरलं नाही, तर पुढच्या वर्षी कुणी फिरकत नाही. करार करताना हे कलम पहिलं लिहायचं.

आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण मात्र मार्गदर्शकाच्या झोनबंदीची येईल : एका हद्दीतला ऊस त्याच हद्दीतल्या कारखान्याला घालायचा, तशी. माझा विद्यार्थी दुसऱ्याकडे का जाईल, हा प्रश्न उसाला होता तसाच इथे आहे. त्याचं उत्तर इथल्या टिलबर्ग विद्यापीठात मिळालं. डिडरिक स्टापेल या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं आकडे घरी बसून रचले आणि आपल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांनाही तेच वापरायला दिले. २०११मध्ये तीन तरुण संशोधकांनी ते उघड केलं. तो काही घरातून नीती न घेता आलेला माणूस म्हणून पकडला गेला नाही. त्याचं काम इतरांच्या डोळ्यांखाली आलं, तेव्हा पकडला गेला.

"तिकडे बसून सांगायला काय जातं," हेही मला ऐकवतील. खरं आहे. इथला संशोधक बहुधा चार वर्षांच्या करारावरचा पगारी नोकर असतो. ख्रोनिंगनहून निघालेला दोन तासांत उत्रेख्तला पोचतो. आपल्याकडचा सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशेबाने मिळणाऱ्या मानधनावर, शिकवून, फेलोशिपची वाट बघत प्रबंध लिहितो, आणि त्याला विधिमंडळातून पीएच.डी. करून काय दिवे लावणार असं विचारलं जातं. ही तुलना माझ्या बाजूची नाही, तरी लिहिली. पण सांगली-सातारा अंतरही एसटीने अडीच-तीन तासांचंच आहे. साताऱ्यात तीन महाविद्यालयांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील समूह विद्यापीठ झालंच आहे, म्हणजे एकत्र येण्याचा कागद आपल्याला लिहिता येतो. मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीत विलिंग्डन, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ. पाच विभाग, वर्षाला दोन आठवडे, पंधरा खाटांचं एक वसतिगृह. याला अध्यासन लागत नाही आणि कोनशिलाही लागत नाही.

विषयांची तर आपल्याकडे इथल्यापेक्षा श्रीमंती आहे. कोयनेचं पाणी कधी सोडायचं आणि कुणाचं घर आधी बुडणार, हा २०१९च्या पुरानंतर सांगलीत अमूर्त प्रश्न उरलेला नाही. आटपाडीच्या पाणी चळवळीने जमीन नसलेल्या कुटुंबालाही पाण्याचा वाटा मागितला. या चळवळीचे नेते नागनाथअण्णा नायकवडी यांच्या सभेला बसलेल्या शेतकऱ्यांना समन्यायी पाणीवाटप समजत होतं. वितरणाच्या न्यायावर इथे जे वाचलं जातं, त्यात हक्क जमिनीला की माणसाला हा प्रश्न इतका थेट विचारलेला मला क्वचितच दिसतो.

आणि इथेच माझं खरं दुखणं आहे. चर्चासत्रात मी 'समन्यायी' हा शब्द इंग्रजीत नेतो, तेव्हा त्यातलं 'सम' तेवढं पोचतं. सगळे सौजन्याने ऐकतात, पुढचा प्रश्न इथल्या राइन नदीच्या पुराकडे वळतो. मी त्यांच्या पद्धतीची बाजू मांडतो आहे आणि माझा प्रश्न मात्र त्यांच्या खोलीत नीट उभा राहत नाही. तो उभा राहील अशी खोली विट्याला असेल, वाईला असेल. तिथे पहिला आठवडा ठरला, तर तीन मसुद्यांवर टिप्पणी करायला मी येईन. मसुदे मात्र दोन आठवडे आधी हवेत, आणि मराठीत.