कोको-एनच्या दारातून परत

हॉटेलवर आलो, आंघोळ केली, दोन कप चहा प्यालो, तरी डोकं तापलेलंच आहे. आमच्या जपान सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ठळक अक्षरांत छापलंय, 'हिमेजी किल्ला आणि कोको-एन उद्यान'. किल्ला उतरलो, खंदकाच्या कडेने चालत बागेच्या दाराशी आलो, भिंतीवरून मॅपलचे लाल शेंडे दिसताहेत, आणि आमचा टूर मॅनेजर घड्याळ बघत म्हणतो, "राहू दे हो काका बाग! पुण्यात पु. ल. देशपांडे उद्यान बघितलंय ना? तेच आहे आत."

तेच? अरे बाबा, सिंहगड रोडची ती बाग ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून केलीय! त्याचा आणि हिमेजीचा काय संबंध? इथे किल्ल्याच्या पश्चिमेला वाडे होते. ती जागा खणली, जुनी आखणी सापडली, तिला धरून वेगवेगळ्या नऊ बागा उभ्या केल्या आणि 1992 साली लोकांसाठी उघडल्या. एकीकडे धबधबा आणि रंगीत 'कोई' माशांचं तळं, एकीकडे बांबू, एकीकडे चहाची खोली. महिनाभर वाचत होतो मी हे सगळं. आणि हा पोरगा मला दारातून मागे फिरवतो!

घाई कसली, तर ओसाकाला भारतीय जेवणाची वेळ ठरलेली. हजारो मैल येऊन पनीर आणि नान वेळेवर मिळालंच पाहिजे, बाग नाही मिळाली तरी चालेल. संध्याकाळी चॉकलेटं घ्यायला मॉलमध्ये मात्र दोन तास!

किल्ला तरी कुठे धड बघू दिला? 1609 साली इथला सरदार इकेदा तेरुमासा याने पुरा केलेला हा मुख्य मनोरा. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात आजूबाजूचं शहर जळालं, हा लाकडी किल्ला उभा राहिला. आत तळापासून वरपर्यंत गेलेले दोन अजस्र खांब आहेत. त्यातल्या पूर्वेकडच्या खांबापाशी जरा थांबलो, बूट पिशवीत, पिशवी हातात, तर जिन्यावरून हाक, "चला चला, वर काही नाहीये!" वर देवस्थान आहे, काही नाही कसं? तटातल्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, त्रिकोणी, गोल, चौकोनी. दरवाजे असे वळवलेत की शत्रूला मनोरा समोर दिसावा आणि वाट भलतीकडे जावी. गड बघत हयात गेलेल्या माणसाला यापुढून पळवत नेणं हा छळ आहे. त्यात मागून एकाचं चालूच, "रायगडापुढे हे काय!" रायगड मलाही प्रिय आहे, म्हणून दुसऱ्याचा किल्ला डोळे मिटून बघायचा? हाच गृहस्थ बसमध्ये फोनचा स्पीकर लावून रील्स बघतो. कोणी बोलत नाही.

बागेच्या तिकिटाचे पैसे आमच्याकडून आधीच घेतलेत. ते परत करा, आणि पुढच्या गटाला बाग दाखवायची नसेल तर पत्रिकेतून तिचं नाव काढा. उद्या नाश्त्याला हेच सगळ्यांसमोर सांगणार आहे.