कौन्सिलवर जायला काउंटरचा अनुभव नको, नुसतं वजन पाहिजे?

आज दुपारी आमच्या केमिस्ट लोकांच्या ग्रुपवर एकानं टाकलं, अमक्यांचं नाव फार्मसी कौन्सिलसाठी, म्हणजे फार्मासिस्टांची नोंदणी ठेवणाऱ्या राज्याच्या संस्थेसाठी, फिक्स, साहेबांनी शब्द टाकलाय. लगेच खाली हार, पेढे, अंगठे सुरू. एकानंपण विचारलं नाही की या माणसानं शेवटचं प्रिस्क्रिप्शन कधी हातात धरलंय! डोकं सणकलं माझं.

आमच्या गल्लीतल्या एक आजी गेल्या वर्षी दुकानात आल्या, तोंड आलंय, काहीतरी लावायला दे म्हणाल्या. बघितलं तर सगळं तोंड सोललेलं. म्हटलं आजी, गोळ्या कुठल्या चालू आहेत? पिशवीतनं पट्टी काढली, संधिवाताची मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातनं एकदाच घ्यायची असते आणि त्या रोज घेत होत्या. "अगं पोरी, त्या मेडिकलवाल्या पोरानंच सांगितलं की रोज एक." डॉक्टरांनी चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा असं स्वच्छ लिहिलेलं. दुकान दुसरीकडचं, काउंटरला बारावीचं पोरगं, भिंतीवर फ्रेममधलं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भाड्यानं घेतलेलं, ज्याचं सर्टिफिकेट तो महिन्यातनं एकदा पैसे न्यायला येणार.

फार्मसी अ‍ॅक्ट १९४८ चा, त्यातलं कलम ४२ म्हणतं की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं. असं सर्टिफिकेट भाड्यानं देणाऱ्याचं नाव रजिस्टरमधनं काढायचा अधिकार कुणाला? या कौन्सिललाच. म्हणून तिथं कोण बसतं याचा त्या आजींच्या तोंडाशी थेट संबंध आहे, कळतंय का?

आता कोण बसतं ते बघा. सहा जण आपण फार्मासिस्टांनी निवडून द्यायचे, पाच राज्य सरकार नेमणार, एक डॉक्टरांच्या मेडिकल कौन्सिलचा आणि तीन जण खुर्चीमुळे आलेले, म्हणजे आरोग्य खात्याचे वरिष्ठ, औषध नियंत्रणाचे प्रमुख आणि औषधांचे नमुने तपासणारे सरकारी अ‍ॅनालिस्ट. पंधरातले आठ सरकारचे झाले की ओ! अध्यक्षपण या पंधरांतनंच, यांच्याच मतानं. आणि त्या नेमलेल्या पाचातले तीनच फार्मसीवाले असले तरी कायद्याला चालतं, उरलेल्या दोघांनी तापाची पॅरासिटामॉल आणि अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल यातला फरक नाही सांगितला तरी चालतंय. या पाचांसाठी जाहिरात द्या, अर्ज मागवा, मुलाखत घ्या असं त्या कलमात एक अक्षर नाही. मग शब्द टाकणाऱ्यांचं फावणारच.

औषध नियंत्रणवाला तिथं पाहिजे, मान्य. निवडणूक लावली तरी पॅनेलबाजी होतेच, तेही मान्य.

पण राग मला आपल्याच लोकांचा जास्त येतोय. गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीत कुठला ठरावधारक, म्हणजे गावच्या संस्थेतर्फे मत देणारा, कुठल्या गटाचा हे शेंबडं पोरगंपण सांगतंय आणि आपल्या कौन्सिलवर आपण निवडून दिलेले सहा कोण, सांगा बघू नावं. दिल्लीत २०२३ ला नॅशनल फार्मसी कमिशनचा मसुदा आला, १९४८ चा कायदाच बदलायचा म्हणून, तेव्हा ग्रुपवर काय चाललं होतं? गुड मॉर्निंगचे फोटो.

त्या आजी वाचल्या. चार-पाच दिवस अ‍ॅडमिट होत्या, पांढऱ्या पेशी पार खाली गेलेल्या. परवा दुकानात येऊन बसल्या होत्या, त्या पोराला शिव्या घाल म्हटलं तर म्हणाल्या लेकराचं काय चुकलं, त्याला कुणी शिकवलंय होय. खरंच आहे, त्या पोराचं वय अठरा. चिडायचं तर फ्रेमवाल्यावर चिडायला पाहिजे आणि ती फ्रेम खाली न उतरवणाऱ्यांवर.

मला एवढंच पाहिजे की सरकारनं पाच नावं नेमायच्या आधी महिनाभर जाहीर करावीत, प्रत्येकापुढं शिक्षण आणि काउंटरवरची वर्षं लिहावीत, आणि पाचातला निदान एक रोज दुकानात उभा राहणारा असावा, संस्थाचालक नको, कंपनीवाला नको. आज रात्री ग्रुपवर मी त्या साहेबांच्या माणसाला सरळ विचारणार आहे की भाड्याच्या सर्टिफिकेटचं तुम्ही काय करणार. ज्यांनी पेढ्यांचे फोटो टाकलेत त्यांनी पण तिथंच उत्तर द्यावं.