सायलेन्सर नाही, बाप पकडा

नागपुरात लोकं रात्रीच्या रस्त्यावरच्या बाइक रेसिंगले वैतागले असं बातमीत लिहिलंय, वैतागले काय राजेहो, पार झोपेचं खोबरं झालं आमचं. आमी वेस्ट हायकोर्ट रोडच्या मागच्या गल्लीत राहतो, साडेबारा झाले का फुटाळा तलावाकडून येनारे बुलेटवाले पोट्टे चालू, सायलेन्सर बदललेला, अन् सिग्नलजवळ मुद्दाम फाट फाट फटाके फोडतात. आईचं बीपी आहे, ती दचकून उठून बसते मंग तीन वाजेपर्यंत डोळ्याले डोळा नाही. सिमेंट रोड झाले तं वाटलं बरं झालं, खड्डे गेले, पन यायले तं फुकटचा रेस ट्रॅकच भेटला न!

कायदा नाही असं थोडीच आहे. रात्री १० नंतर रहिवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा, रस्त्यावर रेस लावली तं पहिल्यांदाच ५००० रुपयांपर्यंत दंड नाहीतर ३ महिन्यांपर्यंत आत. फोन केला तं गाडी येते, पन तवरिक हे धरमपेठ पार करून पसार. अन् यातले अर्धे तं दहावी-बारावीचे दिसतात, गाडी कोनाची? बापाची. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली तं पालकाले २५ हजार दंड अन् ३ वर्षांपर्यंत कैद आहे, ते कलम लावा न एकदा.